बिनशिट्टीचा कुकर

माझी जीभ चांगली शिकलेली आहे, हात मात्र अडाणी राहिले. भाताला पाणी जरा जास्त झालंय, आमटीत चिंचेच्या मानाने गूळ कमी पडलाय, पोळी तव्यावर उगाच एकदा जास्त उलटली, हे मी पहिला घास घेताच सांगतो, आणि लग्न झाल्यापासून, कोणी विचारलेलं नसताना, सांगत आलोय. तो भात, ती आमटी आणि ती पोळी करतात कशी, हे मात्र मला कोणी कधी विचारलं नाही आणि मीही ते जाणून घ्यायच्या फंदात पडलो नाही. सगळी नोकरी बँकेत झाली. दुसऱ्याने मान मोडून काम करायचं आणि आपण त्यावर लाल शाईने खूण करायची, ही सवय घरीही खपून गेली.

अशा माणसाने लेकीकडे जर्मनीला राहायला जाऊ नये. मी गेलो.

लेक-जावई स्टुटगार्टला असतात. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश या तिन्ही कंपन्यांची मुख्यालयं या गावात किंवा त्याच्या वेशीवर आहेत, त्यामुळे पिंपरी-चाकणच्या इंजिनिअर मंडळींना हे गाव सासुरवाडीइतकंच ओळखीचं. शिवाय 1968 पासून स्टुटगार्ट आणि मुंबई या अधिकृत भगिनी-नगरी आहेत, हे जावयांनी सांगितल्यावर मला फार धीर आला. मुंबईची बहीण म्हणजे कुठेतरी कोपऱ्यावर एखादी वडापावची गाडी असणारच, असा माझा हिशोब. नव्हती. बहिणी-बहिणींचं काही पटत नसावं.

सामान भरताना माणशी तेवीस किलोच्या बॅगेत माझे कपडे खाली दबले आणि वर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, सांडगी मिरच्या, पोह्याचे पापड, कुरडया, लिंबाचं गोड लोणचं आणि भाकरवडी यांची चळत चढली. “अहो, तिथेही माणसं जेवतात,” ही म्हणाली. “जेवत असतील, पण काय?” मी म्हणालो आणि साजूक तुपाची बरणी स्वेटरमध्ये गुंडाळली. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, हे लेकीने फोनवर बजावून सांगितलं होतं. त्यावर, दूध वेगळं, दही वेगळं, लोणी वेगळं आणि तूप तर त्यांच्याही पलीकडचं, तेव्हा तूप हे दुभतं धरता येणार नाही, असा मी अर्थ लावला. हेड ऑफिसच्या परिपत्रकांचे असेच अर्थ लावून मी तीन मॅनेजर दमवले होते. हिने अर्थ ऐकून घेतला, बरणी काढली आणि शेजारच्या वहिनींना देऊन टाकली.

तूप वाचलं, भाजणी सापडली. विमानतळावर कस्टमच्या एका उंच, सभ्य माणसाने मला बाजूला घेऊन बॅग उघडायला लावली, आणि माझ्या लेंग्यांच्या घडीतून करड्या पिठाच्या, रबर लावून गळा आवळलेल्या, नावगाव काही नसलेल्या पिशव्या एकामागून एक टेबलावर आल्या. हे काय, असं त्याने इंग्रजीत विचारलं. आता भाजणीत तांदूळ असतात, ज्वारी-बाजरी असते, हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, धने-जिरे असतात, हे सगळं भाजून गिरणीतून दळून आणतात, हे त्याला सांगायचं तर आधी ते मला ठाऊक हवं होतं. घाबरल्यावर माझं इंग्रजी आखडतं. मी म्हणालो, “पावडर.” विमानतळावर म्हणू नयेत अशा शब्दांची यादी कुठे लावलेली असेल तर त्यात हा वरच्या बाजूला असणार, कारण तो माणूस एक पाऊल मागे सरला आणि दुसरे दोघे एक पाऊल पुढे आले. तेव्हा आपल्या मनात पाप नाही हे दाखवण्यासाठी मी पिशवी सोडली, मूठभर कोरडी भाजणी तळहातावर घेतली आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून फक्की मारली. पुढे काय झालं ते नीटसं आठवत नाही. ठसका लागला, नाकातून पीठ आलं, डोळे पांढरे झाले, कोणीतरी पाठीवर थापट्या मारल्या, कोणीतरी पाणी आणलं, आणि या धामधुमीत ही शांतपणे पुढे होऊन त्या माणसाला म्हणाली, “फ्लोअर. फॉर ब्रेड.”

त्याने लगेच बॅग बंद करून दिली. ब्रेड म्हटलं की तो देश ऐकतो.

ऐकणारच. जर्मनीत नोंद झालेले ब्रेडचे प्रकार तीन हजारांच्या वर आहेत. राईचे आहेत, गव्हाचे आहेत, सूर्यफुलाच्या बिया लावलेले आहेत, भोपळ्याच्या बिया लावलेले आहेत. सकाळी बेकरीसमोर उभं राहिलं की वासाने जीव हरखतो हेही खरं. पण या तीन हजारांत मला आमटीत कुस्करता येईल असा एक सापडेना. सालाला दात लावायचा तर कवळीचा विचार करावा लागतो, आणि आमटीत सोडला तर तो भिजत नाही, तरंगतो. दोन्ही वेळेला तेच, वर चीज, बाजूला काकडी, आणि जेवण म्हणावं तर ताटलीतून वाफच येत नाही. जर्मन माणूस संध्याकाळी गार जेवतो. आमच्याकडे गार जेवण फक्त माणूस रुसला म्हणजे घडतं.

ही मात्र तिथे खुलली. सकाळी उठून, केस विंचरून, शाल घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जायची, लोणी लावलेली ब्रेत्सेल आणायची (तिकडच्या ब्रेत्सेलचे हात बारीक आणि कुरकुरीत असतात, पोट जाड आणि मऊ), खिडकीशी बसून कॉफीबरोबर सावकाश खायची आणि शेवटी बोटांवरचे मिठाचे खडे झटकायची. हात झटकले की ओटा आवरला. “तुला कंटाळा नाही येत?” मी विचारायचो. “कशाचा?” ती विचारायची. मला या प्रश्नाचं उत्तर देता यायचं नाही, म्हणून मी उठून पुण्याला फोन लावायचो.

हा फोन म्हणजे माझं व्यसन झालं. उन्हाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असतं, त्यामुळे मी ब्रेडवर लोणी फासत असायचो तेव्हा चिंचवडात माझ्या वहिनीची पानं वाढायची वेळ झालेली असायची. तब्येत-पाणी विचारायचा बहाणा करून मी हळूच, “आज काय केलंत?” असं काढायचो. “काही नाही हो भावजी, साधंच. मुगाची खिचडी, कढी, पापड भाजला.” “कढीत आलं घातलंत?” “घातलं ना.” “आणि कढीपत्ता?” मग जरा वेळ कोणी बोलायचं नाही. पुरणपोळी आठवायची नाही, बासुंदी आठवायची नाही, लग्नातल्या पंगती आठवायच्या नाहीत, ज्या खिचडीला मी आयुष्यभर “आज काय, आजाऱ्याचं जेवण वाटतं?” असं हिणवलं, ती आठवायची. पडवळाची भाजी आठवायची, जी मी ताटाच्या कडेला सारत आलो. दोडक्याच्या शिरांची चटणी आठवायची. एकदा तर वहिनी नुसतं “पिठलं-भात” म्हणाली आणि माझा आवाज असा काही चिरकला, की तिने घाबरून माझ्या लेकीला मेसेज टाकला. बाबांची शुगर तपासून घे म्हणून.

शेवटी लेकीला दया आली. एका शनिवारी तिने वरण-भाताचा कुकर लावला, शेगडी बारीक केली आणि नातीला बागेत घेऊन जाताना मला म्हणाली, “बाबा, जरा लक्ष ठेवाल? झाला की बंद करा.” स्वयंपाकघरात मला एवढी एकच विद्या येते. चिंचवडला बैठकीत पेपर वाचत शिट्ट्या मोजायच्या आणि तिसरीला “झाल्या गं!” असं ओरडायचं, हा माझा घरकामातला वाटा, आणि त्याचा मला अभिमान आहे. मी कान टवकारून बसलो. पेपर जर्मन होता, म्हणून चित्रं पाहिली. शिट्टी होईना. डाळ जुनी असेल म्हटलं, शिजायला वेळ लागतो. बराच वेळ गेला. कसला तरी खमंग वास यायला लागला. म्हटलं, वरणाचा वास आला म्हणजे आता शिट्टी होणार. मग खमंगपणा संपून दुसराच वास सुरू झाला, तरी मी जागचा हललो नाही, कारण एकही शिट्टी झालेली नसताना कुकर बंद करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. तिकडचा कुकर शिट्टी करत नाही, हे मला लेक परत आल्यावर कळलं. त्याच्या झाकणावर एक खुंटी असते, ती वाफेने वर येते, तिच्यावर कड्या आखलेल्या असतात. कितवी कडी दिसली ते पाहून आच कमी करायची आणि वेळ लावून ठेवायची. म्हणजे त्याच्याकडे डोळ्यांनी बघावं लागतं. डाळीचा कोळसा खरवडताना लेक एक अक्षर बोलली नाही. आईवर गेली आहे.

एवढ्यावर घरच्यांनी मला स्वयंपाकघराची बंदी केली, तेव्हा मी बाजारहाटाकडे वळलो. स्टुटगार्टात मार्केट स्क्वेअरला मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी भाजीबाजार भरतो, आणि जवळच 1914 साली बांधलेली देखणी मार्केट हॉलची इमारत आहे, तिच्यात जगभरचा माल मिळतो. भाजी आणण्यात मला कोणी हात धरायला नको, हे मी जावयांना ऐकवलं. खरं म्हणजे त्याच वेळी त्यांनी मला सांगायला हवं होतं, की तिथे भाजीला हात लावायचा नसतो. आपण बोट दाखवायचं आणि विक्रेता उचलून देतो. एका टेबलावर पांढऱ्या, अंगठ्याएवढ्या जाडीच्या, सरळसोट शेंगा जुड्या बांधून मांडलेल्या होत्या. मला वाटलं, इकडचा शेवगा असेल, थंडीने पांढरा पडलाय. कोवळा आहे की जून हे बघायला, भेंडीचं मोडतात तसं मी एकाचं टोक कटकन मोडलं. मग दुसऱ्याचं. तिसऱ्याला हात घातला तेव्हा आजूबाजूची माणसं बोलायची थांबली.

तो पांढरा शतावर होता. तिकडे त्याचा हंगाम म्हणजे आपल्याकडचा हापूसचा. वसंतात सुरू होतो, 24 जूनला संत जॉनच्या दिवशी संपवतात, आणि त्यातलं सगळ्यांत कोवळं, सगळ्यांत मोलाचं जे असतं ते म्हणजे टोक. विक्रेत्या बाई चिडल्या नाहीत. त्या माझ्याकडे अशा पाहत राहिल्या की चिडल्या असत्या तर बरं. मी मुकाट्याने अख्खी जुडी घेतली, पैसे दिले, आणि पैसे दिल्यावर, तोंडाला लागलेली सवय जाईना म्हणून, “वर थोडी कोथिंबीर?” अशी हाताने खूण केली. त्यांनी कुंडी दाखवली. तिकडे कोथिंबीर मुळांसकट, मातीसकट, कुंडीत विकतात. कुंडीही घेतली. घरी आल्यावर हिने तो शतावर सोलून उकडला, लोणी घातलं आणि सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ला. मी पहिला घास घेतला आणि तोंड उघडलं, पण ही म्हणाली, “टोकं कुठेत?” मी तोंड मिटलं.

आता राहिली भाजणी. ठसका लागूनही ती जपून ठेवली होती. एका रविवारी सगळी मंडळी तळ्यावर फिरायला गेली, मी गुडघा दुखतोय म्हणून मागे राहिलो. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, इमारतीत कोणी ड्रिल चालवत नाही, बाटल्यासुद्धा त्यांच्यासाठी ठेवलेल्या पिंपात टाकत नाहीत. एवढी शांतता असते की आपल्या पोटातली भूक आपल्याला ऐकू येते. मी ठरवलं, थालीपीठ लावायचं. थालीपिठाबद्दल मला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, त्यात कांदा असतो. दोन, त्याला मध्ये भोकं पाडतात.

भांड्यात भाजणी घेतली, कांदा चिरून घातला, कुंडीतली कोथिंबीर खुडून घातली, मीठ, तिखट, हळद, आणि पाणी ओतलं. सैल झालं म्हणून भाजणी घातली, घट्ट झालं म्हणून पाणी घातलं, परत सैल झालं म्हणून परत भाजणी घातली, आणि असं करता करता पिशवी रिकामी झाली आणि भांड्यात वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना पुरेल एवढा गोळा तयार झाला. मग शेगडी. तिला बटणं नाहीत, काचेवर बोट टेकवायचं असतं, आणि पिठाने बरबटलेलं बोट तिला कळत नाही. बोट धुतलं तर ओलं बोटही कळत नाही. पुसून टेकवलं तेव्हा ती पेटली. एक ते नऊ आकडे होते. ठेवींवर नऊ टक्के म्हणजे चांगला दर, म्हणून मी नऊवर ठेवली. थालीपीठ ओल्या फडक्यावर थापायचं असतं हे मला मधेच आठवलं, तसं ते थापलं, भोकं पाडली, तव्यावर तेल सोडलं आणि फडकं उलटं केलं. अर्धं तव्यावर पडलं. अर्धं शेगडीच्या काचेवर.

धूर होणं साहजिक होतं. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे झोपायच्या खोल्यांत आणि त्यांच्याबाहेरच्या पॅसेजमध्ये धुराची सूचना देणारं यंत्र बसवणं सक्तीचं आहे, जुन्या घरांनासुद्धा 2014 च्या अखेरीपर्यंत ते बसवायला लावलं होतं. म्हणजे स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं असतं तर निभावलं असतं. मी धूर बाहेर जावा म्हणून दार सताड उघडलं. दुसऱ्या क्षणी पॅसेजच्या छतावरून गणपतीच्या आरतीला एकाच वेळी सगळ्या झांजा वाजाव्यात तसा कल्लोळ सुरू झाला. मी पंच्याने वारा घातला, यंत्राने आवाज चढवला. मी खुर्चीवर चढलो, हात पोचेना. मी घराचं दार उघडून जिन्यात धावलो, मग आत किल्ली राहिली हे आठवून दार लागायच्या आत परत धावलो. शेवटी वर पाहिलं, तर समोरच्या घरातल्या आजीबाई हातात ओलं फडकं लावलेला दांडा घेऊन दारात उभ्या. तिकडे इमारतीचा जिना पुसायची पाळी दर आठवड्याला एका घराकडे असते, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकवतात. ती पाटी त्या आठवड्यात आजीबाईंच्या दारावर होती. आणि त्यांच्या धुतल्या-पुसल्या जिन्यावर, वरपासून खालच्या वळणापर्यंत, भाजणीची माझी पावलं उमटली होती.

त्यांनी मला बाजूला केलं. शेगडी बंद केली, घरातल्या सगळ्या खिडक्या धाडधाड उघडल्या, दांड्याचं टोक उचलून छतावरच्या यंत्राचं बटण दाबलं, आणि सगळं गप्प झालं. मग त्या तव्यापाशी गेल्या, वाकून वास घेतला, कडेचा न करपलेला तुकडा मोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या. शेवटी मान हलवली. मान वर-खाली हलली की आडवी, हे मला धुरात दिसलं नाही. संध्याकाळी ही घरी आली, सगळं घर पाहिलं, काचेवर चिकटलेला कोळसा पाहिला, भांड्यातला गोळा पाहिला आणि एवढंच विचारलं, “भाजणी संपवलीत?”

दोन दिवसांनी आजीबाई दारावर आल्या, हातात झाकलेलं ताट. आम्ही मांस खात नाही, हे लेकीने त्यांना कधीतरी सांगितलं होतं. झाकण काढलं आणि मी जागच्या जागी उठून उभा राहिलो. दाट शिजलेली तपकिरी मसूर, तिच्यात पिवळ्या, आखूड, एकसारख्या नसलेल्या शेवया, वर वाफ. वरणफळं! कणकेच्या शंकरपाळ्यांऐवजी अंडं घातलेल्या मैद्याच्या, एवढाच फरक. त्या भागातल्या स्वाबियन लोकांचं हे घरोघरचं जेवण, मसूर आणि ‘श्पेट्सले’. सैल पीठ लाकडी फळीवर पसरायचं आणि सुरीने भराभर खरवडत उकळत्या पाण्यात सोडायचं, की तुकडे शिजून वर येतात. एरवी डाळीत डुकराचं मांस असतं आणि वर सॉसेजची जोडी. आमच्यासाठी त्यांनी दोन्ही वगळलं होतं. मी अंड्याकडे काणाडोळा केला आणि जेवलो. इतक्या दिवसांनी तोंडाला डाळ लागली, तीही ऊन, तीही आंबटसर, कारण ते लोक वरून चमचाभर व्हिनेगर घालतात. ताट निपटलं.

आणि ताट निपटल्यावर जीभ सुटली. “चांगलं आहे,” मी म्हणालो, “पण व्हिनेगरऐवजी आमसूल हवं होतं, गुळाचा खडा हवा होता, आणि गोडा मसाला नाही म्हणजे फोडणीला अर्थच नाही.” लेकीने हे जर्मनमध्ये सांगितलं, मला वाटतं बरंच सौम्य करून. आजीबाईंनी नीट ऐकून घेतलं, ॲप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली, एक कागद पुढे ओढला आणि विचारलं, “मग तुमच्याकडे कसं करतात?”

हा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. पेन्सिल टेकलेली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हिच्याकडे बघितलं.

मग ही बोलायला लागली. डाळ किती, पाणी किती, कणकेत मोहन किती, फळं केव्हा सोडायची, आमसूल केव्हा घालायचं, लेक एकेक वाक्य पलीकडे पोचवत होती, आजीबाई लिहून घेत होत्या, मधेच थांबवून परत विचारत होत्या, आणि ही उत्तरं देत होती. एवढ्या वर्षांत मी हिच्या वरणफळांवर खुणा केल्या, पण ती होतात कशी हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, तेही जर्मन आजीबाईंना सांगताना. त्या गेल्यावर मी विचारलं, “तुला नाही का गं आठवण येत घरच्या जेवणाची?”

“येते की,” ही म्हणाली. “घरच्या जेवणाची आठवण यायला बायकांना विमानात बसावं लागत नाही. लग्न झालं की सुरू होते.”

हिचं माहेर रत्नागिरीकडचं. तिकडे कुळथाचं पिठलं, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी. आमच्याकडे देशावर कुळथाला हुलगे म्हणतात, आणि “हुलगे बैलाला घालतात, माणसांना नव्हे,” असं आमच्या आईने हिच्या पहिल्याच पिठल्याला ऐकवलं होतं. मी तेव्हा पानावर होतो. मीही हसलो असणार. त्यानंतर आमच्या घरात कुळथाचं पिठलं झालं नाही, आणि झालं नाही हे मला कळलंही नाही, कारण माझं ताट दोन्ही वेळेला भरलेलं यायचं.

माझे जावई काही वेगळं करतात असं नाही, पण करतात. शिकायला म्हणून ते एकटे तिकडे गेले तेव्हा भूक त्यांनाही लागली, आठवण त्यांनाही आली. मग आईला व्हिडिओ कॉल लावून, फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवून, ते एकेक पदार्थ शिकले. दुकानात ‘क्वार्क’ नावाचं जे मिळतं ते आपला चक्काच, हे त्यांनी पहिल्या पाडव्याला शोधून काढलं. रात्रभर फडक्यात टांगतात, सकाळी साखर, केशर, वेलदोडा घालून फेटतात, आणि ते श्रीखंड असं होतं की मी त्यात खोड काढायला तोंड उघडलं आणि परत भरून घेतलं. परदेशातल्या आमच्या पोरापोरींनी आठवण आली की पदर खोचला. माझ्या पिढीतल्या पुरुषांनी फोन लावला.

चिंचवडला परत आल्यावर मी कुळथाचं पीठ आणलं आणि हिला बैठकीत बसवून पिठलं केलं. हिने चव घेतली, जरा थांबली आणि म्हणाली, “मीठ बरोबर आहे.” लसूण करपलेली होती, आमसूल विसरलं होतं, आणि गुठळ्या इतक्या मोठ्या होत्या की त्या वेगळ्या वाढता आल्या असत्या, यातलं ती काहीही बोलली नाही. तिच्या जागी मी असतो तर सगळं बोललो असतो.

तेव्हा लेकाकडे, लेकीकडे परदेशी निघालेल्या माझ्या वयाच्या पुरुषमंडळींना एक विनंती. बॅगेत भाजणी जरा कमी न्या आणि निघण्याआधी बायकोला तिच्या माहेरी काय शिजायचं ते विचारून घ्या. जमलं तर एकदा करून वाढा. एवढं मात्र लक्षात ठेवा, कुळथाचं पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग उकळत्या फोडणीत सोडायचं. कोरडं टाकलंत तर गुठळ्या होतातच.